दोन चिठ्ठ्या, एक देह

मराठीतील ‘ऊर’ हा शब्द मोठा समावेशक आहे. धावून धाप लागली की ऊर धपापतो, भय वाटले की ऊर धडधडतो, आनंद झाला की ऊर भरून येतो आणि संसाराचा रेटा वाढला की माणूस ऊर फुटेस्तोवर राबतो. यांपैकी कोणता ऊर फुप्फुसांचा आणि कोणता हृदयाचा, हा प्रश्न आपल्या पूर्वजांनी कधी विचारला नाही. एका घरात दोन भाऊ नांदावेत, तशी ही दोन्ही इंद्रिये आपल्या भाषेत एकाच शब्दाच्या छपराखाली नांदत आली. आधुनिक वैद्यकाने या घराची वाटणी केली. श्वासाचा तज्ज्ञ निराळा झाला, हृदयाचा निराळा झाला. त्यांचे दवाखाने निराळे, तपासण्या निराळ्या आणि चिठ्ठ्याही निराळ्या. ही वाटणी ज्ञानाच्या सोयीची आहे आणि तिच्यामुळे असंख्य माणसांचे प्राण वाचले, यात शंका नाही. तथापि ज्या रुग्णाला दमाही आहे आणि हृदयविकारही आहे, त्याच्या देहाची अशी वाटणी होत नसते. त्याच्या बाबतीत एका भावाला दिलेले औषध दुसऱ्याच्या अंगणात जाऊन पडते. आजच्या या सदरात त्याच अवघड शेजाराविषयी चार शब्द लिहावयाचे आहेत.

विषय निवडण्यास कारण आहे. प्रस्तुत लेखकाचे वास्तव्य जामसांवलीच्या परिसरातील आहे. हा सौंसर-पांढुर्ण्याचा मुलूख १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत मध्यप्रदेशात राहिला, २०२३ साली पांढुर्णा या नव्या जिल्ह्यात गेला. बोली मात्र घराघरातून मराठीच राहिली. येथील निद्रिस्त मारुतीच्या दर्शनाला मंगळवारी व शनिवारी दूरदूरची माणसे येतात आणि त्यांत व्याधिग्रस्तांची संख्या मोठी असते. पिंपळाखाली पहुडलेला हा वायुपुत्र आहे; तेव्हा ज्यांच्या छातीत वायू अडतो, त्यांनी त्याच्याकडे यावे, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. शिवाय हा प्रदेश कापसाचा आणि संत्र्यांचा. हंगामात सरकी-कापसाची धूळ, मळणीचा भुसा, बागांवरील फवारणी आणि थंडीच्या पहाटे गावावर साचून राहणारा चुलींचा धूर, यांमुळे दम्याच्या रुग्णांची परीक्षा होत असते. हृदयाच्या मोठ्या उपचारासाठी मात्र येथील माणूस सुमारे ६५ किलोमीटरांवरील नागपूर गाठतो. म्हणजे दम्याची चिठ्ठी जवळच्या गावची आणि हृदयाची चिठ्ठी नागपूरची. या दोन चिठ्ठ्यांची परस्परांशी भेट बहुधा होतच नाही.

लेखकाला दमा तरुणपणापासून आहे. तीन वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीतील अडथळ्याचे निदान झाले आणि औषधांची दुसरी रांग सुरू झाली. रुग्णालयाच्या गर्दीत पूर्वीच्या दम्याविषयी कोणी विचारले नाही आणि घरी जाताना हाती आलेल्या कागदावर त्याची नोंदही नव्हती. दोन-तीन आठवड्यांत रात्रीची धाप वाढू लागली. वय, हवा, दगदग अशी अनेक कारणे घरात बोलली गेली. खरे कारण आमच्या सौभाग्यवतींच्या हिशेबी स्वभावामुळे हाती लागले. किराणा, दूध, वीज यांच्याबरोबर औषधांच्या खरेदीच्या तारखाही त्या वहीत लिहितात. दोनशे फवाऱ्यांचा जो पंप पूर्वी चार-पाच महिने पुरत असे, तो तीन आठवड्यांत रिकामा झाल्याचे त्यांनी दाखविले आणि विचारले, ‘‘याच काळात नवीन काय सुरू झालं?’’ उत्तर दुसऱ्या चिठ्ठीत होते. हृदयाची गती मंद ठेवणारी एक गोळी श्वासनलिका आवळीत होती. आवळलेली नलिका सैल करण्यासाठी घेतलेले फवारे हृदयाची गती वाढवीत होते. दोन्ही औषधे आपापल्या जागी गुणकारी होती. भांडण त्यांच्या एकत्र येण्यात होते. डॉक्टरांनी ती गोळी क्रमाक्रमाने बदलून दुसऱ्या वर्गातील दिली आणि आठ-दहा दिवसांत रात्री पुन्हा शांत झाल्या.

असे का होते, हे समजून घेण्यास थोडा इतिहास उपयोगी पडतो. अ‍ॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये शरीरात दोन प्रकारच्या ग्राहकांमार्फत काम करतात, असे रेमंड आल्क्विस्ट या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९४८ साली मांडले आणि त्यांना अल्फा व बीटा अशी नावे दिली. ग्राहक म्हणजे पेशीच्या दारावरील कुलूपच समजा. बीटा कुलूप उघडले की हृदय जोराने धावू लागते आणि श्वासनलिका सैल होतात. यावरून सर जेम्स ब्लॅक यांना सुचले की, हेच कुलूप बंद करून ठेवले, तर दुखावलेल्या हृदयाला विश्रांती मिळेल. त्यांच्या प्रयत्नांतून १९६०-७० च्या दशकात प्रोप्रॅनोलॉल हे औषध आले. हृदयशूळाच्या रुग्णांना ते वरदान ठरले आणि १९८८ साली ब्लॅक यांना नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु हृदयाचे कुलूप बंद करणारी ही किल्ली श्वासनलिकेचेही कुलूप बंद करीत होती. निरोगी माणसाला त्याचे काही जाणवत नाही. दमेकऱ्याचा मात्र श्वास कोंडतो.

उलट बाजूही तितकीच उद्बोधक आहे. त्याच दशकात इंग्लंड, ऑस्ट्रेलिया आदी देशांत दम्यावर आयसोप्रेनॅलिन नावाचा फवारा फार खपत असे. तो दोन्ही ठिकाणची कुलुपे सरसकट उघडी. त्या वर्षांत तरुण दमेकऱ्यांचे मृत्यू अकस्मात वाढले आणि या फवाऱ्याच्या तीव्र प्रकाराशी त्यांचा संबंध जोडला गेला. १९६७ साली संशोधकांनी दाखविले की बीटा कुलुपेही दोन जातींची आहेत: पहिली मुख्यत्वे हृदयात, दुसरी मुख्यत्वे श्वासनलिकेत. त्यानंतर, १९६९ साली, मुख्यतः दुसऱ्या जातीचे कुलूप उघडणारे सालब्युटॅमॉल बाजारात आले. आज आपल्या घराघरांत निळ्या पंपाच्या रूपाने आढळते ते हेच औषध. हृदयाच्या बाजूनेही मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल अशी मुख्यतः पहिल्या जातीवर काम करणारी औषधे आली. येथे ‘मुख्यतः’ हा शब्द विसरता कामा नये. मात्रा वाढली की ही निवड ढिली पडते आणि शेजाऱ्याचे दारही किलकिले होते किंवा लागते. म्हणून अशी औषधे दमेकऱ्याला द्यावयाची की नाही, कोणती व किती, हा निर्णय दोन्ही आजार ठाऊक असलेल्या डॉक्टरांचाच असला पाहिजे. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालावयाचा टिमोलॉलचा थेंबही याच वर्गातला आहे. डोळ्यांतील एवढ्याशा थेंबानेही दम्याचा झटका येऊ शकतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दमा सांगावा.

आता पंपाच्या त्रासाविषयी. फवारा घेतल्यावर हात थरथरतात, छातीत धडधडते, क्वचित पायांत पेटके येतात. फळ्यावर लिहिताना खडूची रेघ वाकडी जावी, इतपत कंप लेखकाने अनुभवला आहे. योग्य मात्रेत हा त्रास थोड्या वेळाने ओसरतो. वारंवार फवारे घेतले किंवा वाफेच्या यंत्रातून मोठी मात्रा गेली, तर मात्र रक्तातील पोटॅशियम घटू शकते. हृदयाच्या अनेक रुग्णांना लघवी साफ करणारी फुरोसेमाइडसारखी गोळी असते. तीही पोटॅशियम घटविते. त्यात डिगॉक्सिन चालू असेल, तर घटलेल्या पोटॅशियममुळे त्याचे विषारी परिणाम संभवतात आणि हृदयाचा ठेका बिघडतो. अशा रुग्णाने रक्ताची तपासणी वेळच्या वेळी करणे हा चैनीचा भाग नव्हे.

या धडधडीला भिऊन काही रुग्ण सगळेच पंप बंद करतात. हा उपाय रोगाहून घातक आहे. श्वास कोंडला की रक्तातील प्राणवायू घटतो आणि त्याचा पहिला ताण हृदयावरच पडतो. निळा पंप वरचेवर लागत असेल, तर त्याचा अर्थ नलिकेतील मूळ सूज आटोक्यात नाही. ती सूज उतरविणारे औषध म्हणजे श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड. दम्याविषयी जगभर मार्गदर्शन करणाऱ्या ‘जीना’ या मंडळाने २०१९ पासून स्पष्टच सांगितले आहे की, प्रौढांचा दमा केवळ निळ्या पंपावर भागवू नये. सूज उतरविणारे औषध बरोबर हवेच. ते नियमित घेतल्याने निळ्या पंपाची गरज घटते आणि पर्यायाने हृदयाची धावपळही घटते. ‘स्टेरॉइड’ या शब्दाने दचकण्याचे कारण नाही. श्वासावाटे जाणारी मात्रा अल्प असते. तिने तोंडात पांढरा थर येऊ शकतो किंवा आवाज बसतो. म्हणून फवाऱ्यानंतर खळखळून चूळ भरावी, आणि पंपाला ‘स्पेसर’ ही नळी जोडावी, म्हणजे औषध घशात चिकटण्याऐवजी छातीत पोहोचते. पोटातून दीर्घकाळ घ्यावयाच्या स्टेरॉइडच्या गोळ्यांची गोष्ट वेगळी. त्या अंगात मीठ व पाणी धरून ठेवतात, रक्तदाब व साखर वाढवितात आणि अशक्त हृदयावर भार टाकतात. परंतु बरेच दिवस घेतलेल्या या गोळ्या आपल्या मनाने एकाएकी बंद करणेही धोक्याचे आहे. त्या वैद्यकीय देखरेखीखाली हळूहळूच उतरवाव्या लागतात.

दम्याच्या स्वस्त गोळ्यांत थिओफिलीन हे जुने द्रव्य असते. आल्ब्रेख्ट कॉसेल यांनी १८८८ साली ते चहाच्या पानांतून शोधून काढले. चहा-कॉफीतील कॅफीनचे ते सख्खे भावंड. त्याची उपकारक मात्रा आणि अपायकारक मात्रा यांत अंतर फार थोडे आहे. मात्रा चढली की मळमळ, निद्रानाश, धडधड आणि हृदयाच्या ठेक्याची गडबड होते. त्यातच तापासाठी सिप्रोफ्लॉक्सासिन किंवा एरिथ्रोमायसिन सुरू झाले, तर रक्तातील थिओफिलीन वाढते. बिडी ओढणाऱ्याच्या शरीरातून ते लवकर निघून जाते. म्हणून बिडी सोडल्यावर पूर्वीचीच गोळी जास्त पडू शकते. याचा अर्थ बिडी सोडू नये असा कोणी घेणार नाही. सोडल्याचे डॉक्टरांना सांगावे, एवढाच घ्यावयाचा.

हृदयाच्या औषधांतील आणखी दोन नावे येथे नोंदविली पाहिजेत. पहिले अ‍ॅस्पिरिन. रक्त पातळ ठेवण्यासाठी ते पुष्कळांना दिले जाते. पण काही दमेकऱ्यांना, विशेषतः ज्यांच्या नाकात कोंब वाढलेले असतात त्यांना, ते सोसत नाही आणि झटका येतो. ज्यांना ते सोसते, त्यांनी दम्याच्या भीतीने ते सोडू नये. ज्यांना पूर्वी कोणत्याही वेदनाशामक गोळीने धाप लागली आहे, त्यांनी ते अवश्य सांगावे. दुसरे रामिप्रिल-एनालाप्रिल हा वर्ग. रक्तदाबासाठी व हृदयासाठी हा उत्तम. पण काहींना त्याने कोरडा, चिवट खोकला लागतो. तो दम्याचा समजून पंपावर पंप घेतले जातात. खोकला गोळीचा असेल, तर पर्यायी गोळी उपलब्ध आहे.

घरगुती औषधांविषयी लिहिल्याखेरीज हे सदर पुरे होणार नाही, कारण आपल्या प्रत्येक घरात एक आजीबाईचा बटवा असतोच. त्याची टिंगल करण्याचे कारण नाही. धोत्र्याच्या धुराने दमा उतरतो, ही गोष्ट इंग्रजांनी मद्रासेत पाहिली आणि १८०२ साली धोत्रा तेथून इंग्लंडात नेला. त्याच जातीच्या द्रव्यांपासून पुढे इप्राट्रोपियम हे औषध घडविले गेले. अडुळशातील व्हॅसिसीनवरून कफ पातळ करणारे ब्रोमहेक्सीन तयार झाले. परंतु कच्च्या धोत्र्याचा धूर नाडी भरधाव पळवितो आणि विषबाधाही करतो. दम्याच्या चूर्णांत पडणाऱ्या सोमलतेत एफेड्रीन असते. ते रक्तदाब व हृदयगती दोन्ही वाढविते. सर्वांत निरुपद्रवी वाटणारे ज्येष्ठमधही रोज बऱ्याच प्रमाणात चघळले, तर रक्तदाब चढविते आणि पोटॅशियम उतरविते. म्हणजे फुरोसेमाइड व डिगॉक्सिन घेणाऱ्याला घरातील हा गोड तुकडा कडू पडू शकतो. सर्दीच्या तयार गोळ्यांतील नाक मोकळे करणारी द्रव्येही याच पंक्तीतील आहेत.

कोजागरीला चित्रकूटला खिरीतून औषध घेण्यासाठी आणि मृगाच्या मुहूर्तावर हैदराबादेस बथिनी कुटुंबाकडील माशाच्या औषधासाठी दमेकऱ्यांची गर्दी लोटते. श्रद्धेचा अनादर या लेखकाला मान्य नाही. मारुतीच्या पायाशी राहणाऱ्याने तो करूही नये. मात्र यात्रेला जाताना पंप खिशात असावा आणि परत आल्यावरही तो चालू राहावा. विशेष सावधगिरी हवी ती नाव-गाव नसलेल्या पुड्यांबाबत. ज्या पुडीने दमा दोन दिवसांत जादू झाल्यासारखा पळतो, अंग भरते, चेहरा गोल होतो, तिच्यात न सांगितलेले स्टेरॉइड असण्याचा संभव मोठा असतो. हृदयाच्या रुग्णाला ती जादू महाग पडते.

सर्वांत नाजूक प्रश्न मध्यरात्रीचा. पहाटे दोन-तीनला धाप लागून जाग आली, तर ती दम्याची की हृदयाची? दमाही त्याच प्रहरी उसळतो आणि थकलेले हृदयही त्याच प्रहरी फुप्फुसांत पाणी साचू देते. आडवे होताच गुदमरणे व उठून बसल्यावर बरे वाटणे, पावलांवर सूज, थोड्या दिवसांत वाढलेले वजन, गुलाबी फेसाळ कफ, या खुणा हृदयाकडे बोट दाखवितात. परंतु सूं-सूं आवाज दोहोंतही येऊ शकतो, म्हणून अंथरुणात बसून निवाडा करू नये. नेहमीच्या फवाऱ्यांनी उतार पडत नसेल, छातीत दाटून दुखत असेल, दरदरून घाम येत असेल किंवा एक वाक्यही सलग बोलवत नसेल, तर उजाडण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा. ‘सकाळी बघू’ हे दोन शब्द अशा वेळी फार महाग ठरतात.

मग घरच्यांनी नेमके काय करावे? लेखकाच्या घरी आता दोन चिठ्ठ्यांची एकच वही झाली आहे. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत: दमा आहे, हृदयविकार आहे, अमुक औषध सोसत नाही. पुढे प्रत्येक औषधाचे नाव, मात्रा, सुरू केल्याची तारीख. त्यांत डोळ्यांचे थेंब, काढे, चूर्णे, चाटणे हीसुद्धा. नवा पंप उघडला त्याची तारीख. रोज सकाळची नाडी, आठवड्याचे वजन व रक्तदाब, आणि शक्य असेल त्यांनी ‘पीक फ्लो मीटर’ या साध्या नळीत फुंकर मारून येणारा आकडा. ही वही प्रत्येक डॉक्टरांपुढे, औषधाच्या दुकानातही, आधी उघडावयाची आणि मग तोंड उघडावयाचे. नवीन गोळी सुरू होताना तीन प्रश्न विचारण्यास संकोच नको: ही माझ्या दम्याला चालेल काय? ही माझ्या हृदयाला चालेल काय? आधीच्या औषधांशी हिचे जमेल काय? आणि कोणतीही जुनी गोळी, विशेषतः नाडी मंद ठेवणारी, आपल्या मनाने एकाएकी तोडावयाची नाही. तसे केल्यास हृदयशूळ उसळू शकतो. परगावी नोकरीला असलेल्या मुला-सुनांनी या वहीचे छायाचित्र आपल्या मोबाइलमध्ये ठेवावे. आईवडील एका राज्यात, मुले दुसऱ्या राज्यात आणि डॉक्टर तिसऱ्या गावी, अशी आपणा बृहन्महाराष्ट्रातील कुटुंबांची स्थिती असते. तेथे ही चार पाने माणसाचे काम करतात.

आपल्या आयुर्वेदाने दम्याला तमक श्वास म्हटले आणि चरकाने त्याला ‘याप्य’ ठरविले. याप्य म्हणजे मुळासकट न जाणारा, परंतु उपचार चालू आहेत तोवर आवरून धरता येणारा रोग. अशा रोगातील उपचाराला सुश्रुताने कोसळू पाहणाऱ्या घराला यत्नपूर्वक दिलेल्या खांबाची उपमा दिली आहे. ज्यांच्या उरात दोन व्याधी शेजारी राहतात, त्यांच्या घराला दोन खांब लागतात. एक खांब लावताना दुसऱ्याला धक्का लागू नये, एवढे पाहिले की पुरे. ज्या घरात असा रुग्ण आहे, त्या घराने हा अंक बाजूला ठेवताच दोन्ही चिठ्ठ्या शोधून एकत्र ठेवाव्यात आणि पुढच्या भेटीला दोन्ही बरोबर न्याव्यात.